डोरीनबाईंचं दार

थंडी सुरू झाली की मेक्सिकोतल्या मासात्लानला कॅनडाचे निवृत्त म्हातारे-म्हाताऱ्या येऊन राहतात, त्याचं आम्पारोला काही वाटत नव्हतं. पण यंदा तिचे विधुर बाबा एलेउतेरिओ रोज चार वाजता गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून त्यांतल्याच डोरीनबाईंकडे जायला लागले, आणि तिचा जीव थाऱ्यावर राहीना.

"बाबा, त्या बाईला तुम्ही नकोयत, आपलं समुद्राकाठचं घर हवंय!"

"अगं, डॉमिनो खेळतो आम्ही," म्हणत एलेउतेरिओ टोपी चढवून निघालेसुद्धा.

शनिवारी मात्र तिने घराची कागदपत्रं पर्समध्ये कोंबली, बाईला चार शब्द सुनावायचेच असं ठरवलं आणि त्या बाईच्या इमारतीचे तीन जिने ती तरातरा चढली. डोरीनबाईंच्या दारात उन्हाने लालबुंद झालेला एक चाळिशीचा गोरा माणूस बॅग घेऊन उभा होता. घंटी वाजवून वाजवून तो घामाघूम झाला होता.

तिला पाहताच तो मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला,



"ताई, माझ्या आईच्या कॅनडातल्या घरावर डोळा असलेला एक म्हातारा रोज इथे येतो म्हणे. तुम्ही ओळखता का हो त्याला?"