तीस वर्षांचं रीळ

नणंदेच्या रुखवताची रजई मशीनवर शिवताना बुरुलायचा दोरा सातव्यांदा तुटला, तशा सासूबाई शेजारणींसमोरच कडाडल्या, “हिच्या हाताला गुणच नाही! माहेरी नारीनच्या डोंगरात मेंढ्याच राखल्या असणार.” बायका फिदीफिदी हसल्या. बुरुलायची कानशिलं तापली. “आई, दोराच कुजलाय. सुईत गेला की पिंजतोय.” “माझ्या लग्नातलं रीळ आहे ते! लेकीच्या रजईसाठी तीस वर्षं पेटीत जपलंय. म्हणे कुजलाय! नाचता येईना, अंगण वाकडं. ऊठ, चहा ओत!” “बरं,” बुरुलाय म्हणाली. तिनं मशीनची पट्टी सरकवली, बॉबिनखाली साचलेला त्या दोऱ्याच्या तुसांचा अक्रोडाएवढा बोळा ओढून काढला आणि चहाच्या रिकाम्या पियाल्यात टाकला. मग सून पाहुण्यांना चहा देते तशी ती वाकली, डावा हात छातीवर ठेवला आणि उजव्या हातानं पियाला सासूबाईंपुढे धरला. “घ्या, आई. तीस वर्षं जपलेलं आहे, आता सांडू देऊ नका.”