चक्र तुटतं तो शॉट

गिरगावातल्या चाळीत मालिकेचं शूटिंग चाललं होतं. हिरोच्या आयुष्यात एकच सकाळ पुन्हा पुन्हा उजाडते, आणि तो गॅलरीतून जाताना दर वेळी तिथेच राहणाऱ्या दुर्गाकाकूंनी तस्संच धुणं वाळत घालायचं. काकू एकदाही चुकल्या नाहीत. हात जन्माचा बसलेला.

“काकू, आता चक्र तुटतं. काहीतरी वेगळं करा, हिरो दचकला पाहिजे,” दिग्दर्शक म्हणाला.

काकू विचारात पडल्या. मग बादली तशीच टाकून नवऱ्याच्या आरामखुर्चीत ऐसपैस बसल्या आणि आत हाक मारली, “अहो, चहा टाका!”

हिरोच्या आधी आत मनमोहनराव दचकले. भांडी वाजली. “अगं, साखर कुठल्या डब्यात?”

“कट! झकास! उठा काकू.”

“थांब रे बाबा,” काकू म्हणाल्या, “चहा येतोय.”