चाळीभोवतीची फेरी

उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरला की लंकाबाई रोज सकाळी चाळीभोवती फेरी मारायच्या. त्या बोट दाखवतील तिथला ढीग उकरला की सडका कांदा सापडायचाच. त्यांच्या नाकाला अख्खी वस्ती मानायची.

यंदा मात्र त्यांनी फेरीला सुनेला पुढे घातलं. आरोही नाशकात द्वारका चौकापाशी वाढलेली. तिला सगळ्याच कांद्यांचा वास सारखा.

"इथं थांब. येतो का वास?"

"कांद्याचाच येतोय, आई."

"त्यो नाय. सडका. नीट घे."

महिनाभर रोज हेच. आरोही हो म्हणाली की त्या तिथं उकरायला लावायच्या, नाही म्हणाली की पुढे चालायच्या. हळूहळू तिचं बरोबर यायला लागलं, पण कंटाळाही आला. ती नवऱ्याजवळ कुरकुरली, "त्यांना स्वतःला एवढं कळतं, मग रोज माझी परीक्षा कशाला?"

"शिकवतीये तर शिक की," शेखर म्हणाला.

आज ती एकटीच फेरी मारून आली, तर करपलेल्या दुधाचा वास पार अंगणापर्यंत आला होता. ती धावत स्वयंपाकघरात शिरली. गॅसवरचं पातेलं काळं पडलं होतं आणि लंकाबाई तिकडे पाठ करून, दोन हातांच्या अंतरावर, निवांत मेथी निवडत बसल्या होत्या.

आरोहीनं गॅस बंद केला.

लंकाबाईंनी मान वर केली. "आलीस? आज चाळीत कुठं वास आला गं?"