मापाची वही

चांदूर बाजारचे नासिर मास्तर कपडे शिवायचे, पण त्यांची खरी श्रद्धा मापाच्या वहीवर. गिऱ्हाइकाचं माप बदललं की जुन्या आकड्यावर एकच रेघ, खाली नवा आकडा, तारीख आणि गिऱ्हाइकाची सही. जुना आकडा वाचता आलाच पाहिजे, ही त्यांच्या अब्बांची शिकवण.

सलग तिसऱ्या कोरड्या वर्षी कचेरीतले साहेब तालुक्यात दुष्काळ आहे की नाही ते ठरवायला आले. सरकारी कागदांत पीक उत्तम होतं. तेव्हा लोकांनी मास्तरांची वहीच पुढे केली. शेतकरी महादेवरावांची कंबर छत्तीसवरून चौतीस, मग एकतीस. बाकीच्यांची पानंही तशीच.

साहेब म्हणाले, "मास्तर, तुमची टेप जुनी झाली. ताणली गेली, म्हणून माप कमी भरतं."

"असंन साहेब," मास्तरांनी शांतपणे पान उलटलं. "पण त्याच टेपनं तुमची चौतीसची चाळीस भरली."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "एवढी नोंद खोडून टाका."

"खोडतो ना." मास्तरांनी रेघ मारली, तारीख टाकली आणि वही साहेबांपुढे सरकवली. "कावून खोडली तेवढं कारण लिवा, अन् खाली सही करा."