चादरीची घडी
एडविन किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणाऱ्या प्रवासी बोटीवर खलाशी होता. बोट घरासमोरून जायची तेव्हा त्याची बायको रागना ओसरीवरून पांढरी चादर हलवायची. अशी चाळीस वर्षं गेली. हिवाळ्यात तो वारला, तेव्हा शवपेटीत तिनं त्याच्या अंगावर तीच चादर घातली.

आज घराला कुलूप लावून ती त्याच बोटीनं ट्रॉम्सोला, बहिणीकडे निघाली होती. उत्तरेकडचं, जूनमध्ये रात्रीही न मावळणारं ऊन पडलं होतं. मासे वाळवायच्या मांडवांमागे तिचं घर दिसताच एडविनचा जुना जोडीदार स्टेनार यानं सवयीनं भोंगा दिला.

ओसरीवर चादर हलली.

"वहिनी, घर भाड्यानं दिलंत? आणि आम्हाला पत्ता नाही!"

"किल्ली माझ्या मुठीत आहे रे."

स्टेनारनं दुर्बीण पुढे केली. माणूस दिसत नव्हतं, नुसती चादर हलत होती. रागनाचे डोळे भरून आले. तिनंही हात हलवला.

बोट वळली, तशी चादर खाली आली. एवढ्या मोठ्या चादरीची घडी एकट्याला जमत नाही. रागना ती कठड्यावर टाकून कशीबशी घालायची. आता मात्र चादर हवेत आडवी ताणली गेली आणि टोकाला टोक अलगद जुळलं.

एक बाजू एडविननं धरली असेल. पण दुसरी, रागनाची बाजू कोणी धरली होती?