नुसतं लाकूड

“हे काय आहे?” लाइटनरसाहेबांनी मूर्तीच्या छातीला छडी लावून विचारलं.

“लाकूड,” सेबाल्ड म्हणाला.

“कसलं?”

“लिंडनचं, मालक. चांगलं वाळलेलं.”

नगरसभेचे लाइटनरसाहेब खूश झाले. सकाळपासून चर्चमधली रडारड ऐकून त्यांचे कान किटले होते. कुणाला संत निकोलस हवा होता, कुणाला आजीने वाहिलेली मेरी. आणि हा म्हातारा, ज्याने स्वतःच्या हाताने ही संत बार्बरा कोरली, तो सरळ लाकूड म्हणत होता. याच्याकडून शिका जरा, असं ते बाकीच्यांना म्हणालेसुद्धा.

“मग तुला कशाला हवंय?”

“थंडी आहे. जाळायला.”

ही थाप त्याने कितीतरी दिवस तोंडात घोळवून ठेवली होती. साहेबांनी मान हलवली, दुसऱ्या दिवशी गाडी द्यायचं कबूल केलं आणि काम झालं.

शहरात मूर्ती न मानणारा नवा धर्म आला तो हात वर करूनच. प्रत्येक धंद्याच्या संघाने मत द्यायचं होतं, आणि सुतारांच्या संघात सगळ्यांबरोबर सेबाल्डनेही हात वर केला होता. एकट्याने खाली ठेवला असता तर दुसऱ्या दिवशी त्याला दारात कुणी उभं केलं असतं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मग फर्मान निघालं, मूर्ती हटवा. ज्या घराण्यांनी त्या वाहिल्या त्यांनी न्याव्यात, उरतील त्यांचं गरिबांना सरपण. कोरणाऱ्याचं नाव त्यात कुठेच नव्हतं. बार्बरा वाहणारं घराणं तर केव्हाच जुन्या धर्माच्या मुलखात निघून गेलेलं. आणि मूर्तीला कुणी संताच्या नावाने हाक मारली, तर त्याची गय नव्हती. एका काचकाम्याने जाता जाता संत क्रिस्तोफरच्या मूर्तीला नाव घेऊन हात जोडले, तो अजून बुरुजातल्या कोठडीत सडत होता.

खरं सांगायचं तर सेबाल्डला बार्बराचं काही पडलेलं नव्हतं. चेहरा उर्सेलचा होता.

उर्सेल त्याची एकुलती एक पोर. साथीत गेली. बायकोची, ओटिलियाची, दृष्टी त्याआधीच गेलेली. तो कोरायचा आणि ती बोटांनी चाचपून सांगायची, ओठ जरा जाड होता हो तिचा, हनुवटीला खळी होती, विसरलात का? तो पुन्हा पटाशी उचलायचा. असा तो चेहरा दोघांनी मिळून परत आणला. पुढे दर रविवारी ओटिलिया त्या गालांवरून हात फिरवून यायची आणि मगच तिच्या घशाखाली घास उतरायचा. चर्चला कुलूप लागल्यापासून ती धड जेवली नव्हती. दुसरी मूर्ती कोरून द्यावी, तर सेबाल्डची बोटं संधिवाताने पार वाकलेली. ओटिलिया त्यांना रोज बदकाची चरबी चोळायची, पण पटाशी सोडाच, त्याला चमचाही धरवत नव्हता.

घरी त्याने यातलं काही सांगितलं नाही. ओटिलिया सोन्यासारखी बाई, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. पाण्याला गेली की गल्लीभर झालं असतं, आणि मग म्हातारा बुरुजात. शिवाय तिचे हात त्या गालांवर पडतील तेव्हाचा तिचा चेहरा त्याला बघायचा होता.

“लाकूड मिळतंय बरं का,” जेवताना तो म्हणाला. “नगरसभा देतेय. उद्या आणू.”

“देव पावला. किती?”

“एक ओंडका.”

“एवढंच? मोठी आली दानशूर नगरसभा,” ती म्हणाली, आणि रोजच्यासारखे त्याचे हात मांडीवर घेऊन चोळत बसली. तो गालातल्या गालात हसत होता. तिला दिसत नव्हतं, हेही एका परीने बरंच होतं.

दुसऱ्या दिवशी तो घोंगडी घेऊन चर्चच्या मोठ्या दाराशी जाऊन उभा राहिला. मूर्ती नीट गुंडाळायची होती. फरसबंदीवरून गाडी हादरते, नाकबिक दुखावलं तर? थंडीत पाय बधिर झाले तरी तो हलला नाही. दुपार कलली तेव्हा झाडलोट करणारी बाई बाहेर आली आणि म्हणाली, इथे कशाची वाट बघतोस? उत्स गाडीवाल्याने मागच्या दाराने केव्हाच नेलं तुझं.

म्हातारा त्या घसरड्या रस्त्यावरून जवळजवळ धावत निघाला. आता ओटिलियाला कळलं असेल. गालांवर हात फिरवत बसली असेल वेडी, रडत असेल. कोपऱ्यातली पेटी हलवायची, तिथे उर्सेलला उभी करायची आणि पुढे पडदा लावायचा. कुणाला कळतंय? स्वतःशीच बडबडत तो घरी पोचला आणि त्याने दार ढकललं.

खोली उबदार होती. या हिवाळ्यात पहिल्यांदाच. ओटिलिया शेगडीपाशी पाय पसरून बसली होती, आणि तिच्या गालांवर चक्क लाली आली होती. जुन्या धुपाचा आणि जळक्या रंगाचा वास सुटला होता. कोपऱ्यात नुसती पेटीच होती.

“आलात? या, आधी हात शेकून घ्या,” ती म्हणाली. “तो उत्स मेला नुसता चाचरत होता. म्हणे, अख्खंच ठेवून जाऊ ना? कशाला ते काही सांगेना. मीच म्हटलं, बाबा रे, ह्यांचे हात गेलेत, पुण्य लागेल तुला, बारीक फोडून शेगडीत सारूनच जा.”