तीन लिटर जास्त

नऊ लिटरची खूण बुडाली तरी तेल येतच होतं. तिनं पंपाचा दांडा सोडला आणि डब्याकडे नुसती बघत बसली. दोन महिन्यांपूर्वी याच इंजिनात तिनं स्वतःच्या हातानं आठ लिटर भरलं होतं. आठ म्हणजे आठ. वर्कशॉपमधले लोक तिला मोजपट्टी म्हणून चिडवायचे, ते उगाच नाही. जुनं तेल फेकायचंच, तर मोजायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. ती म्हणायची, घातलं त्याहून थोडं कमीच निघायला हवं; जास्त निघालं तर पाणी कुठंतरी मुरतंय.

वरून वडिलांची हाक आली. “झालं का गं?”

“होतंय, बाबा.”

बोटीचं इंजिन बसवलेलं असतं पार तळाला. त्याच्याखाली भांडं सरकवायला बोटभर जागा नसते. म्हणून आधी दहा मिनिटं इंजिन चालवून तेल गरम करायचं, तेलाची पातळी बघायची पट्टी उपसून काढायची, तिच्या भोकातून बारीक नळी आत सोडायची आणि हातपंपानं तेल वर ओढून घ्यायचं. आज पट्टी काढली तेव्हाच तेल वरच्या खुणेच्याही वर दिसलं होतं. आठवडाभर बोट निळा धूर सोडत होती. म्हणून तर ती सुट्टी काढून आली होती.

डब्यातलं तेल अकराच्या खुणेला थांबलं.

तीन लिटर जास्त. डिझेल गळून तेलात मिसळत असेल, नाहीतर पाणी शिरत असेल. काहीही असलं तरी बोट बांधून ठेवावी लागणार. रोज सकाळी पलीकडच्या शाळेची बावीस पोरं वडील याच बोटीनं नेत. भर पाण्यात इंजिन बसलं तर? आणि बोट बंद झाली तर बाबांचं काय? आई गेल्यापासून ते घरी फक्त झोपायला जात. बोट होती म्हणून माणूस उभा होता.

तिनं तेल चिमटीत चोळलं. दाट होतं. हुंगून पाहिलं. डिझेलचा वास नाही. गरम पाइपवर थेंब टाकला. पाणी असतं तर तडतडलं असतं. थेंब मुकाट पसरला. रेडिएटरचं पाणी काठोकाठ होतं. तेल चांगलं होतं. दोन महिने वापरलेल्या तेलाला शोभणार नाही इतकं चांगलं होतं. दुखणं सापडलं तर औषध तरी देता येतं. इथं रोगी ठणठणीत आणि ताप मात्र चढलेला.

तिनं वर्कशॉपच्या उस्तादांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“पाणी नाही, डिझेल नाही, मग कुणीतरी ओतलंय. तेलाला काही पिल्लं होत नाहीत, बाई.”

ती शिडी चढून वर आली. वडील दोर गुंडाळत होते.

“बाबा, इंजिनात तेल कुणी घातलं?”

“माझ्या इंजिनाला हात लावायची कुणाची टाप आहे?” त्यांना रागच आला. “तू भरलंस, त्यानंतर ते झाकण उघडलेलंच नाही.”

वडील खोटं बोलत नाहीत हे तिला ठाऊक होतं. मग कोण? धक्क्यावरचं कुणी वाईटावर तर नाही ना? पण इंजिन रिकामं ठेवून चालणार नव्हतं. तिनं फिल्टर बदलला आणि नवे डबे उघडले. वडील खाली येऊन नरसाळं धरून उभे राहिले. ती एकेक लिटर ओतत गेली, ते मोठ्यानं मोजत गेले. “आठ!” असं म्हणून झाकणही त्यांनीच आवळलं. मग ती धक्क्यावरच्या नळावर हात धुवायला गेली. काळं निघेना म्हणून दोनदा साबण लावला.

परत शिडी उतरताना तिला तेल ओतल्याचा आवाज ऐकू आला.

वडील इंजिनावर वाकले होते. एका हातात झाकण होतं, दुसऱ्या हातात बाकाखाली ठेवलेला जादा तेलाचा डबा. तो अर्धा रिकामा झाला होता.

“बाबा!”

त्यांनी मागे वळून पाहिलं. चेहऱ्यावर चोरी नव्हती. उलट शाबासकी मागत असल्यासारखे ते हसले.

“काय गं हे? जुनं काढलंस आणि नवं घालायचंच विसरलीस? म्हणे मेकॅनिक! कोरड्या इंजिनानं पोरांना घेऊन निघालो असतो म्हणजे? बरं झालं, मी आठवणीनं खाली आलो.”

दहा मिनिटांपूर्वी याच माणसानं आठपर्यंत मोजलं होतं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. तीन लिटर कुठून आलं ते तिला कळलं, आणि ते कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

तिचा उतरलेला चेहरा बघून तेच घाबरले. डबा खाली ठेवून त्यांनी हळूच विचारलं, “काय गं? गेलं का इंजिन आपलं?”

“नाही, बाबा. इंजिनाला काहीही झालेलं नाही,” ती म्हणाली. हेच उत्तर मिळावं म्हणून ती सकाळपासून देव पाण्यात घालून बसली होती, आणि आता ते देताना तिला हुंदका आवरेना.